हौसेची टक्केवारी

देवळाली प्रवरा येथील मेजयुद्ध मंडळाच्या गेल्या वर्षीच्या स्पर्धेत वाल्मिक टेम्पोवाला पहिला आला आणि टाळ्या कोणीही वाजवल्या नाहीत. वाचनालयाच्या हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज येत होता. वाल्मिकने ढाल घेतली, स्वतःच स्वतःचा फोटो काढला आणि बाहेर पडताना दारात थांबून "जळतेत सगळे," असं म्हणाला. ही घटना मंडळाच्या कार्यकारिणीने अत्यंत गांभीर्याने घेतली.

"विजय संपादन होऊनही आनंद निर्माण न होणे, ही बाब चिंताजनक आहे," अध्यक्ष भागवतराव म्हणाले. भागवतराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, पण पंचायत समिती त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हती. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी ते 'मिठाची अनुपलब्धता निदर्शनास आली' म्हणत, आणि त्यांची बायको त्यांना 'कार्यवाही करा' म्हणून डबा दाखवत असे.

मेजयुद्ध म्हणजे काय, हे ज्यांच्या अंगणात दिवाळीला किल्ला होतो त्यांना फार सांगायला नको. दिवाळी सरते, किल्ला मोडतो, मावळे उरतात. बहुतेक घरांत ते खोक्यात जातात आणि पुढच्या वर्षी अर्धे मुंडकी नसलेले निघतात. देवळालीतल्या काही मोठ्या, कर्त्यासवरत्या माणसांनी ते खोके दिवाळीची वाट न बघता उघडले. दोन टेबलांवर प्लायवूडचा फळा, पोत्याच्या टेकड्या, अळीव पेरून केलेलं रान, मधून निळ्या ओढणीची प्रवरा आणि दोन्ही काठांना मातीचं सैन्य. फासा टाकायचा, मोजून माणूस पुढे सरकवायचा, भिडले की पुन्हा फासा, आणि समोरच्याच्या झेंड्यापाशी पोचलं की डाव संपला. पूर्वी अंतर वितींनी मोजत. पण वाल्मिकची वीत आणि पार्लरवाल्या मोनिकाची वीत यांत चांगला दोन बोटांचा फरक पडे, आणि वाल्मिकचं घोडदळ दर वेळी मोनिकाच्या तोफेपर्यंत पोचेच. तेव्हापासून शिंप्याचा टेप आला. शत्रुपक्ष व्हायला तालुक्यात कोणीच तयार नसल्यामुळे दोन्ही सैन्यं मावळ्यांचीच असत. नियमावलीत त्यांना 'अलीकडचे' आणि 'पलीकडचे' म्हटलं होतं. ते एकमेकांशी का लढतात, या प्रश्नापुढे 'गैरसमजातून' असं उत्तर होतं.

तर अशा या मंडळात खेळाची मजा परत यावी म्हणून ठराव झाला. शंभरपैकी लढाईला चाळीस, रंगकामाला वीस आणि हौसेला चाळीस गुण. रंगकामाची अडचण नव्हती. सगळ्यांचं सैन्य मोनिकाच रंगवून देत असे, त्यामुळे दोन्ही काठांच्या मावळ्यांच्या भुवया कोरलेल्या आणि गाल नवरीसारखे गुलाबी होते. सगळ्यांना सारखे गुण पडणार होते. अडचण हौसेची होती.

"हौस मोजता येईल का, मॅडम?" भागवतरावांनी विचारलं.

मॅडम म्हणजे धनश्री. वय पंचवीस, फिजिक्समध्ये एमएस्सी, ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर. मंडळातली ती सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत शिकलेली सभासद. तिने विचार न करता उत्तर दिलं.

"मोजता सगळंच येतं, काका. फक्त व्याख्या नीट हवी."

या एका वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं. पण त्या वेळी टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि व्याख्या तिच्याकडे सोपवण्यात आली.

खरं तर धनश्रीला हौसेत रस नव्हता. तिला रस होता एका शब्दात. मंडळात पहिल्यापासून रिवाज होता की हरणाऱ्याने स्वतःच्या हाताने आपला झेंडा आडवा करायचा आणि मोठ्याने 'हरलो' म्हणायचं. गेली दोन वर्षं ती दर रविवारी आप्पासाहेबांशी खेळत होती आणि दर रविवारी 'हरले' म्हणत होती. तिला आता तो शब्द चांगला जमायला लागला होता. आप्पासाहेब सत्तरीचे, उसाचे शेतकरी, लहानपणीच्या मावळ्यांनीच अजून खेळणारे. त्यांच्याकडे एक कान तुटलेला मातीचा हत्ती होता आणि तो पटावर आला की धनश्री घोडदळ मागे घेई. खेळताना ते अखंड बोलत.

"धने, तुझं घोडदळ वरातीला निघालंय का लढाईला? न्हाई, नवरदेव दिसंना म्हणून इचारलं."

तोफ चुकली की म्हणत, "फिजिक्सचा तास झाला, आता लढाईचा घे." स्वतःची तोफ चुकली तरी ते तेवढ्याच मोठ्याने हसत. एकदा त्यांच्याकडे झेंडा आणि हत्ती एवढंच उरलं होतं, धनश्री फासा हातात घेऊन उभी होती, आणि वीज गेली. वीज आली तोवर आप्पासाहेब उसाला पाणी धरायला निघून गेले होते. त्यांच्या तोंडून तो शब्द एकदा, फक्त एकदा, खराखुरा ऐकायचा, एवढीच तिची इच्छा होती.

पहिल्या फेरीत हौसेचे गुण प्रतिस्पर्ध्याने द्यायचे होते. फेरी संपल्यावर चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांना चाळीसपैकी चाळीस. फक्त आप्पासाहेबांना पंचेचाळीस होते, कारण त्यांच्याशी खेळलेल्या भागवतरावांना वडीलधाऱ्याला बरोबर चाळीस देणं हिशेबी वाटलं.

धनश्रीने मोनिकाला बाजूला घेतलं. "मोनिकाताई, वाल्मिकभाऊंनी तुमची तोफ दोनदा बाद केली. तुम्ही डोळे पुसत होतात. तरी चाळीस?"

"अगं, त्यांच्या चुलत बहिणीचं लग्न आहे. नवरीचा मेकअप माझ्याकडे आहे," मोनिका म्हणाली. "आणि त्यांनी तरी मला चाळीसच दिलेत की."

"त्यांनी का दिले?"

"नवरीचा मेकअप माझ्याकडे आहे ना."

भागवतराव मात्र प्रसन्न होते. "सर्वांची हौस शंभर टक्के. उद्दिष्ट पहिल्याच फेरीत साध्य."

"काका, सगळ्यांना सारखेच गुण याचा अर्थ आपण मोजलंच नाही," धनश्री म्हणाली.

भागवतरावांनी पेनाला टोपण लावलं. उद्दिष्ट साध्य झालेलं नसणं ही त्यांना सवयीची गोष्ट होती, पण ते कोणी तोंडावर सांगणं सवयीचं नव्हतं. "मग पुरावा मागू," ते म्हणाले. "हौस व्यक्त करणारी ठोस कृती. कृती न घडल्यास गुण नाही."

मंडळात नियम सगळ्यांत बारकाईने कोण वाचत असेल तर वाल्मिक. गेल्या वर्षी नियम वाचूनच तो जिंकला होता. पुढच्या रविवारी तो टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आला. लढाई सुरू होण्याआधी त्याने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि भागवतरावांकडे बघून म्हणाला, "सत्कार झाला. लिवा."

भागवतरावांनी लिहिलं. पुढच्या रविवारी सगळेच टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आले. आता आधी कोणी कोणाचा सत्कार करायचा, हा प्रश्न निघाला. 'तुम्ही मोठे', 'तुम्ही पाहुणे', 'तुमचा मान पहिला' असं चालू झालं आणि पहिला फासा पडायला दुपार झाली. नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून ते पटावरच ठेवले. एका सामन्यात पलीकडच्यांच्या पायदळाला नारळांमुळे नदीच ओलांडता येईना. तेव्हा यापुढे नारळ हा टेकडी धरावा आणि शेंडीचा नारळ असल्यास दाट रान धरावं, असा खुलासा करण्यात आला.

सगळ्यांचेच सत्कार झाल्यावर सत्काराची किंमत उरली नाही. वाल्मिकला हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्याच्या घोडदळाने मोनिकाचा एक भालाईत मारला तेव्हा त्याने स्वतःची टोपी काढली.

"काय झालं?" मोनिका घाबरली.

"माणूस गेला ताई," वाल्मिक खालच्या आवाजात म्हणाला. "दोन मिनिटं उभं ऱ्हाऊ."

सगळा हॉल उभा राहिला. भागवतरावांच्या पेनने तेवढ्या शांततेत सात गुण लिहिल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

आठवड्याभरात वाचनालयाबाहेर फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये भालाइताचा मोठा केलेला फोटो, गुलाबी गाल, कोरलेल्या भुवया. खाली मजकूर: 'कै. भालाईत, पलीकडची तुकडी, मागची रांग. शोकाकुल: वाल्मिकभाऊ (ज्यांच्या हस्ते निधन झाले) व समस्त घोडदळ.' जाणारे-येणारे थांबून वाचत. एका पाहुण्याने तर घरी फोन करून विचारलं की आपल्यातलंच कोणी गेलं का. दोन दिवसांत चौकात बारा फ्लेक्स झाले आणि एसटीला वळायला जागा उरली नाही.

मग दशक्रिया. घाटावर पिंड ठेवला, समोर भालाइताला पाटावर बसवलं. बराच वेळ कावळा शिवेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी वाल्मिक पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "तुमच्या मोनिकाताईची तोफ मी परत बाद ठरवनार न्हाई. शब्द देतो." कावळा लगेच शिवला. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने तिथेच घाटाच्या पायरीवर चाळीसपैकी चाळीसची शिफारस लिहून दिली. कावळ्यालाही काही गुण द्यावेत अशी सूचना आली होती, परंतु तो नोंदणीकृत सभासद नव्हता.

एक माणूस मारायचा तर एवढं सगळं करावं लागतं म्हटल्यावर कोणी कोणाला मारेना. शिवाय न मारणं ही दया, आणि दयेला वेगळे गुण. चौथ्या फेरीत भागवतराव आणि मोनिका समोरासमोर आले तेव्हा धनश्री शेजारच्या टेबलावरून ऐकत होती.

"घ्या ना, काका. एक तरी घ्या," मोनिका स्वतःचा तिरंदाज पुढे सरकवत म्हणाली.

"बास, बास. मघाशी दोन झाले."

"ते लहान होते हो. हा एक घ्या. माझ्या गळ्याची शपथ."

"अहो, खरंच जागा नाही. तुम्हीच घ्या माझा एखादा. तुम्ही काहीच घेतलं नाही."

"मी नंतर घेते. आधी मोठ्यांचं होऊ द्या."

दोन्ही सैन्यं एकमेकांना वाट देत मागे मागे सरकत गेली. सामना संपला तेव्हा अलीकडचे फळ्यावरून उतरून कादंबऱ्यांच्या कपाटात होते आणि पलीकडचे खिडकीत. नदीच्या दोन्ही काठांना अळीव तेवढं उरलं होतं. दोघांनाही हौसेचे पूर्ण गुण पडले.

या सगळ्यात एकच माणूस जिंकत होता. आप्पासाहेब. त्यांच्या समोर जो कोणी मागे सरकायचा त्याच्यावर ते सरळ हत्ती घालायचे, मारायचे आणि हसायचे. "आरं पळतो कुठं? का कपाटात बायको वाट बघती?" लढाईत त्यांना पूर्ण गुण आणि हौसेत भोपळा. शेऱ्याच्या रकान्यात भागवतरावांनी लिहिलं होतं, 'सामन्यादरम्यान हसले. मृताविषयी सहवेदना नाही. खेळात रमल्याचे निदर्शनास आले.'

धनश्रीला हे बघवेना. सगळं मंडळ चाळीसवर येऊन थांबलं होतं आणि ज्याला खरी हौस होती तो शून्यावर होता. आपलं मोजमाप चुकतंय, एवढं तिला कळत होतं. तिने दोन रात्री जागून विचार केला आणि फिजिक्स शिकलेल्या माणसाने काढावा तसा उपाय काढला.

"स्थिती मोजायची नाही, बदल मोजायचा," तिने बैठकीत सांगितलं. "सामन्याच्या मध्ये चहा होतो. चहाआधीचं वागणं बघा, चहानंतरचं बघा. सुधारणा किती टक्के झाली ते काढा. जो आधीपासूनच नाटक करतोय त्याची सुधारणा शून्य. नाटक आपोआप बंद."

"प्रगती!" भागवतराव उठून उभे राहिले. "प्रगतीची टक्केवारी! उत्तम. ज्याची सर्वाधिक टक्केवारी त्याला चाळीस, इतरांना त्या प्रमाणात."

फक्त आप्पासाहेबांचं गणित बसत नव्हतं. चहाआधी शून्य, चहानंतर शून्य. शून्याला शून्याने भागल्यावर काय लिहायचं? भागवतरावांनी 'निरंक' लिहायचं ठरवलं. धनश्रीला ते खटकलं होतं. पण आप्पासाहेबांच्यात सुधारणा होण्याची शक्यता नसल्यामुळे तिने सूत्र तसंच ठेवलं.

नाटक बंद झालं नाही. त्याला वेळापत्रक मिळालं. सुधारायचं तर आधी बिघडायला हवं, हे वाल्मिकने पहिल्याच दिवशी ओळखलं. सामना सुरू होताच त्याने मोनिकाच्या तोफेला 'भंगार' म्हटलं, तिच्या फाशावर फुंकर मारली आणि भागवतरावांच्या टोपीचा उल्लेख केला. चहा झाला. कप खाली ठेवताच तो मोनिकाच्या पाया पडला. सहाशे टक्के.

पुढच्या रविवारी मोनिकाने चहाआधी त्याच्या घोड्यांना जांभळं नेलपेंट फासलं आणि चहानंतर रिमूव्हर लावून एकेक घोडा मायेने पुसून दिला. भागवतराव स्वतः खेळत होते तेव्हा त्यांनी कागद काढून स्पष्ट आवाजात वाचून दाखवलं, "आपण नालायक आहात. निकषानुसार." समोरचा चिडला नाही. त्याने मान डोलावून घड्याळ बघितलं. चहाला अजून पंधरा मिनिटं होती आणि त्याला अजून दोन शिव्या द्यायच्या होत्या. हॉलमध्ये आता चहाआधी कोणी बायकापोरांना आणत नसे.

एका रविवारी सामने आटोपल्यावर आप्पासाहेब वाचनालयाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. धनश्री शेजारी बसली.

"धने, येक इचारू? तुला शिकलेलीला म्हाईत आसंल."

"विचारा ना, आप्पा."

"आमच्या बांधावं पपई हाय. मागल्या साली येक पन लागली न्हाई. औंदा येक लागलीय. तर मग वाढ किती टक्के म्हनायची?"

धनश्री हसली. "शून्यावरून टक्के काढता येत नाहीत, आप्पा. भागाकार अनंताकडे जातो."

"अनंत म्हंजी लई?"

"लईपेक्षा लई."

"आसं," आप्पासाहेब म्हणाले, तंबाखू दाढेखाली ठेवली, आणि पपईचा विषय तिथेच संपला.

शेवटच्या फेरीत धनश्रीसमोर आप्पासाहेब आले. हॉल भरला होता. इतर सामने आधीच आटोपले होते. वाल्मिक साडेआठशे टक्क्यांवर होता, ढाल त्याला दिसत होती, आणि तो हळूच खिशातला कंगवा चाचपत होता. फोटो यंदा दुसरं कोणीतरी काढणार होतं.

"आप्पा, आज खरं खेळायचं," धनश्री म्हणाली.

"मी कवा खोटं खेळलो? तुझंच सैन्य मला बघून आजारी पडतं."

चहाआधी ते नेहमीसारखेच होते. धनश्रीचा तिरंदाज चुकला तेव्हा म्हणाले, "नेम मोनिकानं रंगवला का काय? डोळ्यात काजळ गेलं आसंल." भागवतरावांनी शून्य लिहिलं. चहा झाला. हत्ती मधोमध उभा होता आणि त्याच्या मागे आप्पासाहेबांचा झेंडा. धनश्रीने दोन वर्षांत हा हत्ती फोडायचे सगळे मार्ग करून बघितले होते. आज तिने तो फोडायचा नाही असं ठरवलं होतं. तिने घोडदळ पोत्याच्या टेकडीमागून, नदीच्या उताराने, लांबून वळवून घेतलं. टेपने मोजलं. झेंडा अजून चार बोटं लांब होता, आणि हत्तीने नुसतं वळून बघितलं असतं तर खेळ संपला असता.

आप्पासाहेबांनी पटाकडे बराच वेळ बघितलं. मग हत्ती उचलला आणि पुढे टाकला. झेंड्याच्या मागची बाजू उघडी पडली.

धनश्रीने फासा उचलला. फासा पडला. सहा. घोडदळ झेंड्यापाशी पोचलं.

आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. उजव्या हाताने झेंडा हळूच आडवा केला आणि तिच्या डोळ्यांत बघून, मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"हरलो."

धनश्रीला एकदम रडूच आलं. दोन वर्षं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. आता यापुढे जन्मभर ढाल नको, गुण नको, काही नको, असं तिला वाटलं. आणि ते वाटून होतंय न होतंय तोच आप्पासाहेबांनी मान वळवली.

"भागवतराव, लिवलं का? चहानंतर हाय."

भागवतरावांनी लिहिलं. पराभवाचा विनम्र स्वीकार, एक गुण. चहाआधी शून्य, चहानंतर एक. त्यांनी भागाकार केला, मोबाईलवर केला, पुन्हा केला. मोबाईलने नकार दिला. "मॅडम, हे किती येतं?"

"हे येत नाही, काका," धनश्री म्हणाली. तिला पायरीवरचं पपईचं बोलणं आठवलं. "हे अनंताकडे जातं. अनंत हा आकडा नाही."

"आकडा नसेल. परंतु साडेआठशेपेक्षा मोठा आहे का?"

"मोठा आहे, पण..."

"'पण'ला रकाना नाही," भागवतराव म्हणाले. "सर्वाधिक टक्केवारीला चाळीस. इतरांना त्या प्रमाणात." त्यांनी इतरांचंही गणित केलं. अनंताच्या प्रमाणात मंडळातल्या प्रत्येक सभासदाची वर्षभराची हौस शून्य झाली. सत्कार, फ्लेक्स, दशक्रिया, जांभळे घोडे, सगळं शून्य.

"ह्ये काय राव!" वाल्मिक ओरडला आणि रडायला लागला. त्या वर्षात मंडळातल्या कोणाचं काही खरं निघालं असेल तर ते हे रडणं. सगळ्यांनी आशेने भागवतरावांकडे बघितलं. "सामना संपल्यानंतरची कृती ग्राह्य नाही," ते म्हणाले.

आप्पासाहेबांना ढाल मिळाली. टाळ्या इतक्या वाजल्या की अळीव हलत होतं. उद्दिष्ट साध्य झाल्याची नोंद झाली.

धनश्री मात्र घरी जाताना रस्त्यात थांबली. तिला एकाएकी आठवलं की आप्पासाहेबांच्या बांधावर ती कितीतरी वेळा गेली होती. तिथे घाणेरी होती, दोन कडुनिंब होते. पपई नव्हती.

पुढच्या रविवारी ती सरळ त्यांच्या घरी गेली. आप्पासाहेब ओट्यावर खोका उघडून मावळे पुसत होते.

"आप्पा, खरं सांगा. हरलात, की मुद्दाम हरलात?"

"हरलो तर हरलो. त्यात काय दोन परकार असत्यात?"

"हत्ती पुढे का टाकला?"

"म्हातारा झालाय. जरा फिरवून आनला."

"आणि पपई कुठंय?"

आप्पासाहेबांनी बांधाच्या दिशेने लांबवर नजर टाकली. "व्हती."

"कंची पपई?" घरातून मालनबाईंनी विचारलं. त्या आप्पासाहेबांच्या बायको, आणि त्यांनी बांध नवऱ्यापेक्षा जास्त बघितला होता. "आपल्यात कवा व्हती पपई?"

आप्पासाहेबांनी तो प्रश्न ऐकू न आल्यासारखा एक घोडा फुंकून साफ केला. धनश्री पायरीवर बसली. तिला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तिला हवा होता तो शब्द तिला मिळाला होता, सगळ्या गावासमोर मिळाला होता, आणि तो खरा होता की खोटा हे तपासायची सोय तिच्याच सूत्राने बंद केली होती.

"रुसू नको," आप्पासाहेब म्हणाले. "ढाल घेऊन जा पायजे तर. हिला तिच्यात कोथिंबीर निवडायची सवय लागायच्या आत." मग त्यांनी हत्ती ओट्याच्या मधोमध ठेवला. "चल, मांड. गुन न्हाई, टक्के न्हाई, भागवत न्हाई. आन चहा येईल तवा येईल."

तिने मांडलं. पोतं नव्हतं म्हणून ओल्या टॉवेलची टेकडी केली. तो टॉवेल सत्काराचाच होता. वाल्मिकचा टेम्पो रस्त्यावरून गेला, पुढे जाऊन थांबला आणि मागे मागे आला. वाल्मिक उतरला, ओट्याच्या कडेला उकिडवा बसला आणि कसलीही हरकत न घेता बघत राहिला. आप्पासाहेबांची तोफ फुटकी निघाली तेव्हा तो इतका हसला की मालनबाई बाहेर आल्या.

खेळ लांबला. आप्पासाहेब बोलता बोलता गप्प झाले. धनश्रीने टेप दोनदा धरला आणि दोनदा सोडला. वाल्मिक उठून उभा राहिला. मालनबाईंना खेळातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांच्या हातातली मेथीची जुडी निवडायची थांबली होती.

मग दोघांपैकी एकाने स्वतःच्या हाताने झेंडा आडवा केला आणि तो एक शब्द, 'हरलो' किंवा 'हरले', इतक्या हळू उच्चारला की तो लिहून घ्यायला भागवतराव असते तरी त्यांना ऐकू आला नसता. समोरचं माणूस हसलं नाही, टाळी वाजली नाही, आणि त्या शब्दाच्या खरेपणाबद्दल ओट्यावरच्या कोणालाही शंका आली नाही.

ज्यांना ही हकीकत निव्वळ हौस म्हणून वाचायची होती, त्यांच्यासाठी ती इथे संपली आहे.

तो शब्द कोण म्हणालं, एवढ्यासाठी जे अजून खाली वाचत आले, त्यांचे हौसेचे गुण नियमानुसार कापण्यात आले आहेत. हरकत असल्यास चहानंतर घ्यावी.